टेस्टोस्टेरॉन आणि पुरुषांची प्रजननक्षमता

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांच्या शरीरातील प्रमुख लैंगिक संप्रेरक होय. दाढी-मिशा, घोगरा आवाज, स्नायूंची वाढ आणि कामेच्छा यांबरोबरच शुक्राणूंच्या निर्मितीसाठीही ते अत्यावश्यक असते. मात्र केवळ रक्तातील त्याच्या पातळीवरून प्रजननक्षमता ठरत नाही. १९३५ मध्ये एर्न्स्ट लाकर यांच्या अ‍ॅम्स्टरडॅममधील गटाने बैलांच्या वृषणांतून हे संप्रेरक प्रथम वेगळे केले. सुमारे १०० किलो वृषणांतून जेमतेम १० मिग्रॅ. टेस्टोस्टेरॉन मिळाले.

निर्मिती व नियंत्रण : हायपोथॅलॅमसमधून ठरावीक अंतराने जीएनआरएच हे संप्रेरक स्रवते व त्यामुळे पीयूषिका ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके बाहेर पडतात. एलएचमुळे वृषणांतील लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात. एफएसएच सर्टोली पेशींना चालना देते. रक्तातील टेस्टोस्टेरॉन वाढले की हायपोथॅलॅमस व पीयूषिका आपला स्राव कमी करतात.

शुक्राणुनिर्मितीतील कार्य : वृषणांच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते आणि शुक्राणूंना तेच लागते. सर्टोली पेशी या संप्रेरकाला प्रतिसाद देऊन वाढत्या जननपेशींना आधार व पोषण पुरवतात. ही पातळी घसरली की शुक्राणूंची वाढ अर्धवट राहते. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात व पुढे अधिवृषणात ते पक्व होतात. त्यामुळे उपचारांचा परिणाम वीर्यतपासणीत दिसायला साधारण तीन महिने जातात.

कमतरतेची कारणे : क्लाइनफेल्टर संलक्षण, गालगुंडामुळे वृषणांना आलेली सूज किंवा कर्करोगावरील औषधे यांत मूळ दोष वृषणांत असतो व एलएच, एफएसएच वाढलेले आढळतात. कालमन संलक्षण, पीयूषिकेची गाठ किंवा वाढलेले प्रोलॅक्टिन यांत वरून येणारी चालनाच अपुरी पडते. लठ्ठपणात चरबीतील अ‍ॅरोमॅटेज विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रॅडायॉलमध्ये रूपांतर करते. याउलट, शुक्रवाहिनीत अडथळा असल्यास टेस्टोस्टेरॉन सामान्य असूनही वीर्यात शुक्राणू नसतात.

बाहेरून घेतलेले टेस्टोस्टेरॉन : शरीर कमावण्यासाठी किंवा थकव्यावर घेतलेल्या इंजेक्शनांनी रक्तातील पातळी वाढते, पण एलएच व एफएसएच दबले जातात, वृषणांतील टेस्टोस्टेरॉन घटते, वृषणे लहान होतात आणि शुक्राणुनिर्मिती मंदावते किंवा थांबते. वीर्याचा बहुतांश द्रव शुक्राशय व प्रोस्टेट ग्रंथीतून येत असल्याने त्याचे प्रमाण फारसे घटत नाही व बदल सहसा लक्षात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गर्भनिरोधन-चाचणीत पुरुषांना आठवड्याला २०० मिग्रॅ. टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट दिले गेले. निम्म्याहून अधिक जणांच्या वीर्यात शुक्राणू आढळेनासे झाले. औषध थांबवल्यावर निर्मिती बहुधा पूर्ववत होते, पण त्याला काही महिने ते दोन वर्षेही लागू शकतात.

निदान व उपचार : टेस्टोस्टेरॉनची पातळी सकाळी सर्वाधिक असल्याने रक्त सकाळी, शक्यतो दोन वेगवेगळ्या दिवशी तपासतात; ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी पातळी सामान्यतः कमतरतेची मानली जाते. सोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन व वीर्यतपासणी करतात. अपत्य हवे असलेल्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देणे टाळतात. पीयूषिकेची चालना अपुरी असल्यास एलएचसारखे काम करणारे एचसीजी व एफएसएच यांची इंजेक्शने देतात. निवडक रुग्णांना क्लोमिफीन, तर प्रोलॅक्टिन वाढलेले असल्यास कॅबरगोलिन दिले जाते. लठ्ठ रुग्णांत वजन घटवल्यानेही टेस्टोस्टेरॉनची पातळी सुधारते.