विम्यातला तिसरा माणूस

मोटारीच्या विम्यात पहिला पक्ष मालक, दुसरा विमा कंपनी. मग ‘थर्ड पार्टी’ कोण? रस्त्यावरचा अनोळखी माणूस. धडक देणारा कफल्लक निघाला, की न्यायालयाने मंजूर केलेली भरपाई कागदावरच राहायची. म्हणून ब्रिटनने १९३० च्या कायद्याने या तिसऱ्यासाठी विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशीच तरतूद झाली. अंमल मात्र १ जुलै १९४६ पासून. १९८८ च्या कायद्यानेही ती सक्ती कायम ठेवली. आपल्या गाडीची मोडतोड, चोरी भरून देणारा, ज्याला आपण ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो, तो ऐच्छिकच राहिला. मुदत संपलेली पॉलिसी घेऊन गाडी रस्त्यावर काढणारा त्या तिसऱ्या माणसाचाच आधार काढून घेत असतो.