शब्दांशिवाय पंचवीस वर्षं: ग्लासगोच्या मोगवाईची गोष्ट

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेली अडखळ तेवढी काढून टाकलीय.)

आजची गोष्ट फेब्रुवारी २०२१ पासून सुरू करू. ब्रिटनमध्ये लॉकडाउन चालू आहे. कॉन्सर्ट बंद, रेकॉर्डची दुकानं बंद. आणि त्या आठवड्यात ब्रिटिश अल्बम चार्टवर पहिल्या नंबरला येतो 'अ‍ॅज द लव्ह कंटिन्यूज' नावाचा अल्बम. करणारा बँड ग्लासगोचा, नाव मोगवाई. वय? पहिली सिंगल काढून पंचवीस वर्षं झालेली. आणि गंमत म्हणजे या अल्बमच्या बहुतेक सगळ्या ट्रॅक्सना शब्दच नाहीत. गिटार, बास, ड्रम्स, कीबोर्ड, बस्स.

पॉपच्या चार्टवर हे म्हणजे जवळजवळ अपघातच. तिथे गाणं म्हणजे शब्द, शब्द म्हणजे गायक, आणि गायक म्हणजे पोस्टरवरचा चेहरा. इथे यातलं काहीच नाही. मग प्रश्न असा, की शब्दच नसतील तर बँड नक्की म्हणतोय काय? त्याला काही भूमिका असू शकते का? की हे सगळं छान वाजणारं पार्श्वसंगीत आहे, काम करता करता लावून ठेवायचं?

खरं सांगतो, मीही ते तसंच लावलं होतं. ऑफिसात, हेडफोनवर, कोड लिहिताना. ट्रॅक होता 'लाइक हेरॉड'. बास हळू चालू होता, गिटार जेमतेम ऐकू येत होती, म्हणून मी आवाज वाढवला. तीनेक मिनिटांच्या आसपास कुठलीही सूचना न देता सगळी वाद्यं एकदम अंगावर आली आणि मी खुर्चीतून उडालो. त्या दिवशी कळलं, हे संगीत पाठीमागे चालू राहणाऱ्यातलं नाही.

आता मुळापासून. १९९५, ग्लासगो. गिटारवर स्टुअर्ट ब्रेथवेट, बासवर डॉमिनिक एचिसन, ड्रम्सवर मार्टिन बुलक. थोड्याच दिवसांत दुसरा गिटारिस्ट जॉन कमिंग्ज आला. नाव उचललं 'ग्रेमलिन्स' या १९८४ च्या सिनेमातल्या त्या केसाळ प्राण्यावरून. कँटनीज भाषेत या शब्दाचा अर्थ भूत, सैतान असा होतो. पण त्यांच्या डोक्यात तसं काही नव्हतं. पुढे चांगलं नाव सुचलं की बदलू म्हणाले, आणि ते राहूनच गेलं.

१९९६ मध्ये पहिली सिंगल आली, 'ट्यूनर' आणि 'लोअर'. ती त्यांनी स्वतःच्याच लेबलवर काढली. लेबलचं नाव रॉक अ‍ॅक्शन, हे स्टूजेस बँडचा ड्रमर स्कॉट अ‍ॅशटन याचं टोपणनाव. हे लेबल लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.

त्या काळात ब्रिटनमध्ये ब्रिटपॉपची लाट होती. ओअ‍ॅसिस, ब्लर, सगळ्यांच्या तोंडी बसणारे कोरस. त्याच सुमारास, १९९४ मध्ये, सायमन रेनल्ड्स या समीक्षकाने 'पोस्ट-रॉक' हा शब्द वापरात आणला. वाद्यं रॉकचीच, पण काम वेगळं: गिटारने रिफ वाजवण्याऐवजी पोत तयार करायचा, वातावरण उभं करायचं. मोगवाईवर हा शिक्का बसला, तो त्यांना फारसा आवडला नाही, आणि आजतागायत निघालेलाही नाही.

पहिला अल्बम 'यंग टीम' ऑक्टोबर १९९७ मध्ये आला, केमिकल अंडरग्राउंड या लेबलवर. हे लेबलही ग्लासगोचंच, डेलगाडोज नावाच्या बँडने चालवलेलं. म्हणजे बँडनेच बँडसाठी उघडलेलं दुकान. 'यंग टीम' हा तिथल्या बोलीतला शब्द, वस्तीतल्या पोरांच्या टोळक्यासाठी.

कॉपीराइटमुळे इथे तुकडा वाजवता येत नाही, म्हणून सांगूनच समजावतो. अल्बमचा शेवटचा ट्रॅक 'मोगवाई फिअर सेटन', सोळा मिनिटांहून मोठा. त्यात मोजून तीन कॉर्ड आहेत. तेच तीन, पुन्हा पुन्हा. बदलतं ते बाकी सगळं: ड्रम्सची घनता, गिटारच्या थरांची संख्या, आवाजाची पातळी. कधी सगळं वितळून नुसती बासरी आणि एक बारीक गुणगुण उरते, तुम्हाला वाटतं संपलं, आणि मग ती लाट परत येते. साध्या गाण्यात पुढे काय होणार हे चाल सांगते. इथे चाल तीच राहते, आणि पुढे काय होणार हे आवाजाची पातळी सांगते.

ही युक्ती त्यांची एकट्याची नाही. अमेरिकेच्या लुइव्हिल शहरातल्या स्लिंट या बँडने १९९१ च्या 'स्पायडरलँड'मध्ये असं हळू-मोठं करून ठेवलेलं होतं. मोगवाईने ते लपवलंही नाही. 'लाइक हेरॉड'चं आधीचं नाव चक्क 'स्लिंट' होतं.

आता नावांकडे येऊ, कारण शब्द नसलेल्या बँडकडे शब्द असतात ते फक्त नावांतच. मोगवाईची नावं म्हणजे बहुतेक वेळा आपसातले विनोद. 'आय अ‍ॅम जिम मॉरिसन, आय अ‍ॅम डेड'. 'यू आर लायनल रिची'. अल्बमचं नाव 'हार्डकोर विल नेव्हर डाय, बट यू विल'. ट्रॅकचा आणि नावाचा संबंध शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. मला यात फक्त टवाळी दिसत नाही. ट्रॅकला 'विरह' असं नाव दिलं की ऐकणारा विरहच ऐकणार. 'यू आर लायनल रिची' म्हटलं की त्याला स्वतःचं काहीतरी शोधावं लागतं.

पण मग भूमिकेचं काय? इथे १९९८ ची एक छोटी रेकॉर्ड महत्त्वाची आहे.

ग्लासगोच्या आग्नेयेला हॅमिल्टन नावाचं शहर आहे. 'यंग टीम'चं रेकॉर्डिंग तिथेच झालं. ऑक्टोबर १९९७ मध्ये, म्हणजे अल्बम आला त्याच महिन्यात, हॅमिल्टनच्या काही वस्त्यांमध्ये पोलिसांनी नवा उपक्रम सुरू केला. अंधार पडल्यावर सोळा वर्षांखालची मुलं रस्त्यावर दिसली की त्यांना उचलून घरी पोचवायचं. सरकारी नाव मुलांच्या सुरक्षेचं, पण पेपरांनी आणि लोकांनी त्याला सरळ 'कर्फ्यू' म्हटलं. वस्त्या कष्टकऱ्यांच्या होत्या.

मोगवाईने पुढच्या उन्हाळ्यात तीन ट्रॅकची ईपी काढली. नाव 'नो एज्युकेशन = नो फ्युचर', आणि पुढे कंसात त्या कर्फ्यूला सणसणीत शिवी. आत भाषण नाही, घोषणा नाही. पहिला ट्रॅक 'क्रिसमस स्टेप्स' दहा मिनिटांहून मोठा. अगदी सावकाश गिटार, मग हळूहळू चढत जाणारा वेग, मग स्फोट, आणि शेवटी पुन्हा शांतता. हा ट्रॅक कर्फ्यूबद्दल आहे असं कुणी म्हणणार नाही. पण विशीतल्या पोरांनी, ज्यांच्या अल्बमचं नावच 'यंग टीम' आहे, आपल्या शेजारच्या वस्तीतल्या पोरांची बाजू घेतली. ती घेतली कव्हरवर. संगीताला त्यांनी त्यात ओढलं नाही, आणि गप्पही बसले नाहीत.

१९९८ मध्येच बॅरी बर्न्स आला आणि पियानो, कीबोर्ड हे बँडचं कायमचं अंग झालं. १९९९ चा 'कम ऑन डाय यंग' त्यांनी न्यूयॉर्क राज्यात, डेव्ह फ्रिडमनच्या स्टुडिओत केला. लोकांना पुन्हा स्फोट हवे होते आणि यांनी बराचसा शांत अल्बम दिला. त्याची सुरुवातच होते इग्गी पॉपच्या १९७७ मधल्या कॅनेडियन टीव्ही मुलाखतीच्या तुकड्याने. 'पंक रॉक' या शिक्क्यावर तो वैतागलेला आहे. ज्यांच्यावर 'पोस्ट-रॉक'चा शिक्का बसलाय, त्यांनी हा तुकडा पहिला ठेवावा, यात सगळं आलं.

२००१ च्या 'रॉक अ‍ॅक्शन'मध्ये तंतुवाद्यं आली, आणि एका ट्रॅकवर ग्रफ रिसचं वेल्श भाषेतलं गाणंही. त्याच वर्षी 'माय फादर माय किंग' हा वीस मिनिटांचा एकच ट्रॅक आला. त्याची चाल 'अविनू मल्केनू' या ज्यू प्रार्थनेची आहे. न्यूयॉर्कचा निर्माता आर्थर बेकर याने त्यांना ती शिकवली. रेकॉर्डिंग स्टीव्ह अल्बिनीचं. प्रार्थनेचे शब्द काढून टाकले आणि विनवणी तेवढी ठेवली, असं मला ते ऐकताना वाटतं.

एव्हाना हळू-मोठं, हळू-मोठं हा फॉर्म्युला झाला होता. जगभर शेकडो बँड तेच करत होते आणि समीक्षक कंटाळले होते. मोगवाईवरही ही टीका झाली, आणि ती अगदी खोटी नव्हती. त्यांना यातून बाहेर काढलं, माझ्या मते, सिनेमाने.

२००६ चा 'झिदान' हा माहितीपट घ्या. २३ एप्रिल २००५, रेआल माद्रिद विरुद्ध व्हियारेआल. सतरा कॅमेरे, आणि सगळे एकाच माणसावर. दोन दिग्दर्शकांपैकी डग्लस गॉर्डन हा ग्लासगोचाच. नव्वद मिनिटं एक माणूस चालतो, थांबतो, धावतो, थुंकतो, आणि शेवटी लाल कार्ड घेऊन बाहेर जातो. याला स्फोट चालत नाहीत. इथे मोगवाई कमी वाजवायला शिकले. पुढे 'ले रेव्हनाँ' या फ्रेंच मालिकेसाठी त्यांनी बरंचसं संगीत चित्रीकरणाच्या आधीच, कथानकाच्या अंदाजावर तयार केलं. मेलेली माणसं गावात परत येतात अशी ती गोष्ट, आणि संगीत मात्र भीती दाखवत नाही, नुसतं वाट बघतं.

मग आला 'अ‍ॅटॉमिक'. हिरोशिमाला सत्तर वर्षं झाली तेव्हा, २०१५ मध्ये, मार्क कझिन्सने बीबीसीसाठी अणुयुगावर माहितीपट केला. सगळी जुनी चित्रफीत, निवेदक नाही. संगीत मोगवाईचं. २०१६ च्या अल्बमवरची नावं वाचा: 'यू-२३५', 'प्रिप्यात', 'लिटल बॉय', 'फॅट मॅन'. इंधन, चेर्नोबिलशेजारचं ओसाड शहर, हिरोशिमावरचा बॉम्ब, नागासाकीवरचा बॉम्ब. नेहमी नावांची टिंगल करणारा बँड इथे एकदम अचूक होतो. ग्लासगोच्या माणसाला हा विषय लांबचा नाही. ब्रिटनच्या ट्रायडंट अण्वस्त्र पाणबुड्यांचा तळ फास्लेनला आहे, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर.

म्हणजे बघा, हॅमिल्टनचा कर्फ्यू आणि हिरोशिमा, दोन्ही वेळा पद्धत तीच. जिथे खरंच काही म्हणायचं असतं तिथे विनोद बाजूला होतो, चार शब्द कव्हरवर लिहिले जातात, आणि बाकीचं ऐकणाऱ्यावर सोडलं जातं.

आता परत त्या लेबलकडे. मधली वर्षं मोगवाई वेगवेगळ्या कंपन्यांकडे होते, पण रॉक अ‍ॅक्शन त्यांनी बंद केलं नाही. ग्लासगोत 'कॅसल ऑफ डूम' हा स्टुडिओही उभा केला. २०११ पासून ब्रिटनमध्ये त्यांचे स्टुडिओ अल्बम स्वतःच्याच लेबलवर येतात, आणि त्याच लेबलवरून दुसऱ्यांचेही. सेक्रेड पॉज या जोडीच्या 'स्ट्राइक अ मॅच'ला २०१७ चा 'स्कॉटिश अल्बम ऑफ द इयर' मिळाला, तो अल्बम रॉक अ‍ॅक्शनचा. केमिकल अंडरग्राउंडने यांच्यासाठी जे केलं, तेच यांनी पुढच्यांसाठी केलं. असं घरचं दुकान असलं की 'गायक का नाही?' असं विचारणारा साहेबच डोक्यावर नसतो.

२०२० मध्ये फ्रिडमनबरोबर अमेरिकेत रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं. महामारीने ते राहिलं. मग बँड इंग्लंडमधल्या एका स्टुडिओत, फ्रिडमन अमेरिकेत झूमवर, असा 'अ‍ॅज द लव्ह कंटिन्यूज' झाला. आपण सगळे तेव्हा जसे काम करत होतो तसाच.

या अल्बमवर मोजके शब्द आहेत. 'रिची सॅक्रमेंटो' हे ब्रेथवेटने गायलेलं गाणं. नाव पुन्हा विनोदी, एका मित्राने र्‍युइची साकामोतो या नावाच्या उच्चारात घोळ केला त्यावरून. पण गाणं आहे गेलेल्या संगीतकार मित्रांसाठी. सुरुवातीची ओळ डेव्हिड बर्मन या २०१९ मध्ये गेलेल्या कवी-गायकाच्या एका आठवणीतून आलीय. वर विनोद, आत दुःख. पंचवीस वर्षं नावांची टवाळी करणाऱ्यांचं हे सगळ्यात हळवं गाणं, आणि त्यालाही त्यांनी गंभीर नाव दिलं नाही. मैताला जाऊन आल्यावर घरातली माणसं गेलेल्याचे विनोद सांगून हसतात ना, तसं.

पहिला नंबर आला. त्याचा बाऊ करायला नको. चार्टचा पहिला नंबर एका आठवड्याचा असतो, आणि जुने निष्ठावान चाहते पहिल्याच आठवड्यात रेकॉर्ड विकत घेतात. पण असे चाहते पंचवीस वर्षं टिकवणं हा अपघात नाही. त्याच वर्षी मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीत नाव आलं आणि 'स्कॉटिश अल्बम ऑफ द इयर' मिळाला. मोगवाईचा अल्बम आल्यावर दोनच आठवड्यांनी रॉक अ‍ॅक्शनने त्यांच्या जुन्या मित्रांचा, अरब स्ट्रॅपचा, कितीतरी वर्षांनंतरचा नवा अल्बम बाजारात आणला. दुकान चालू होतं.

जानेवारी २०२५ मध्ये 'द बॅड फायर' आला. ग्लासगोच्या कामगार वस्त्यांमधल्या बोलीत 'बॅड फायर' म्हणजे नरक. पहिल्या अल्बमचं नाव वस्तीच्या बोलीतलं होतं, आणि अठ्ठावीस वर्षांनी अजून शब्द तिथलेच घेतात.

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी क्रम सांगतो: आधी 'रिची सॅक्रमेंटो', मग 'क्रिसमस स्टेप्स', मग 'मोगवाई फिअर सेटन'. 'अ‍ॅटॉमिक' शक्यतो त्या माहितीपटासोबत. आणि 'लाइक हेरॉड' लावणार असाल तर सुरुवातीला कितीही हळू वाटलं तरी आवाज वाढवू नका.

भेटू पुढच्या भागात.