करहाटक (आजचे कऱ्हाड)

करहाटक : सातारा जिल्ह्यातील प्राचीन व्यापारी नगर व पुढे एका लहान राज्याचे ठाणे. आजचे कऱ्हाड ते हेच. शिलालेखांत ‘करहाकट’, ‘करहाकड’, ‘करहाट’ अशी नावे येतात. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाने दक्षिण दिग्विजयात घेतलेल्या ठिकाणांत करहाटक आहे.

गावाचे सगळे भाग्य त्याच्या जागेने घडवले. कृष्णा आणि कोयना या दोघीही महाबळेश्वरी उगम पावतात. कृष्णा वाईकडून येते. कोयना मात्र सह्याद्रीला बिलगून दक्षिणेकडे वाहत जाते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला जवळजवळ समोरासमोर भिडते, हाच प्रीतिसंगम. हेळवाकचे हे वळण महत्त्वाचे, कारण कुंभार्ली घाट तिथून जवळ आहे. चिपळूणकडून वाशिष्ठी खोऱ्यातला माल घाट चढून आला की कोयनेच्या काठाने पाटणमार्गे उतरत उतरत थेट संगमावर पोचे. तिथून कृष्णाकाठाने सांगली-मिरजेकडे, दक्षिणेला कोल्हापूरकडे, उत्तरेला वाईकडे वाटा फुटत. इथे बाजारपेठ वसवायला राजाची आज्ञा लागलीच नसावी.

करहाटकाचे सर्वांत जुने पुरावे खुद्द कऱ्हाडात नाहीत, ते दूरदेशी आहेत. मध्य प्रदेशातील भरहुत स्तूपाच्या कठड्यावर (इ. स. पू. दुसरे-पहिले शतक) ‘करहाकट निगमा’चे दान कोरले आहे. निगम म्हणजे व्यापारी वस्ती. कुणा एका धनिकाच्या नावे नव्हे, तर सगळ्या पेठेच्या नावे नर्मदेपलीकडे दान जाते, यातूनच पेठेची ऐपत आणि पोच कळते. हा कठडा आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे.

दुसरा पुरावा कोकणातला. रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीकाठी मांदाडजवळ कुडा लेणी आहेत. ‘पेरिप्लस’मधले मंदगोर बंदर याच परिसरात होते, असे काही अभ्यासक मानतात. इथल्या दात्यांत वैद्य आहे, माळी आहे, आणि करहाकडचा लोखंडाचा व्यापारी माहिक आहे. घाटावरच्या पेठेतला लोहवाणी खाडीकाठच्या भिक्षूंसाठी लेणे खोदवतो, म्हणजे त्याचे तिकडे नित्याचे जाणे-येणे असणार. महाबळेश्वरच्या डोंगरांत धावड लोक एकोणिसाव्या शतकापर्यंत लोखंड गाळत होते. माहिकाचा माल त्याच भागातला असणे अशक्य नाही.

शहराजवळ जखिणवाडीच्या आगाशिव डोंगरावर साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. कार्ले-अजिंठ्याच्या अपेक्षेने आलेल्याची इथे निराशा होते. बहुतेक लेणी साधी : ओसरी, दगडी ओटा असलेल्या खोल्या, छोटे चैत्य. एका चैत्याच्या दर्शनी भागावर कोरीव खांब असून एकावर धर्मचक्र तर दुसऱ्यावर सिंह आहेत. एका लेखात गोपालपुत्र संघमित्राने लेणे दिल्याची नोंद आहे. साधेपणा असला तरी एवढ्या संख्येने भिक्षू पोसायला खालची पेठ भक्कम हवी.

राज्य म्हणून करहाटकाचे नाव पुढे येते ते मध्ययुगात. राष्ट्रकूटांच्या काळात हा स्वतंत्र प्रांत होता. तिसऱ्या कृष्णाने 959 मध्ये दक्षिणेतील मेलपाटीच्या छावणीतून दिलेला ताम्रपट कऱ्हाडला सापडला. त्यात करहाट प्रांतातले एक गाव गगनशिव या शैव आचार्याला दिले आहे. बौद्ध भिक्षूंच्या जागी आता शैव मठ आला होता. ‘करहाटक चार हजार’ या प्रदेशावर काही काळ शिंद घराणे होते. मग शिलाहार आले. मारसिंहाच्या 1058 च्या मिरज ताम्रपटात त्याच्या घराण्यातील गोंक हा करहाट, कुंडी, मिरिंज आणि कोकणाचा अधिपती म्हटला आहे. आजच्या हिशेबाने सातारा-सांगलीचा कृष्णाकाठ, बेळगावची बाजू आणि घाटाखालचा मुलूख. बिल्हणाच्या ‘विक्रमांकदेवचरिता’त करहाटाच्या राजकन्येचे, चंद्रलेखेचे स्वयंवर आहे. तिने कल्याणीच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याला वरले. काव्यात हे प्रेमप्रकरण असले तरी व्यवहारात चालुक्यांना घाटवाटांचा भरवसा आणि शिलाहारांना सम्राटाचे अभय, असा हा सोयीचा सौदा दिसतो.

या शिलाहार राज्याच्या व्यापाराचे धागे आग्नेय आशियापर्यंत नेता येतात. कोल्हापूरच्या 1135 च्या सुमाराच्या शिलालेखात अय्यावोळेच्या (ऐहोळेच्या) वीरवणंज संघाचे व्यापारी, त्यांत मिरजकरही, जैन बस्तीसाठी (मंदिरासाठी) आपल्या मालावर पट्टी बसवतात. ‘पाचशे’ म्हणूनही ओळखल्या जाणाऱ्या याच संघाचे नाव असलेला 1088 चा तमिळ शिलालेख सुमात्रात, कापरासाठी प्रसिद्ध असलेल्या बारुस बंदरावर सापडला आहे. मात्र यावरून कऱ्हाडची गलबते सुमात्राला जात होती असे म्हणणे म्हणजे उतावीळपणा; संघ मोठा, शाखा अनेक.

उतरती कळा लढाईने लागली नाही. शिलाहारांनी आपले ठाणे दक्षिणेकडे, वळिवडे, कोल्हापूर, पन्हाळा असे नेले आणि दरबारामागे दानधर्म व कारागीर गेले. 1212 च्या सुमारास यादव सिंघणाने दुसऱ्या भोजाचे राज्य बुडवले तेव्हा राजधानी म्हणून कऱ्हाड आधीच मागे पडले होते. आदिलशाहीत ते लष्करी-महसुली ठाणे झाले. उंच जोडमनोऱ्यांची मशीद त्या काळची. संगमावरच्या कोटातली पायऱ्यांची प्रचंड विहीर ‘नकट्या रावळाची’ म्हणून ओळखली जाते. पुढे हा कोट पंतप्रतिनिधींकडे होता. वाट मात्र टिकली, म्हणून पेठही टिकली : पुणे-मिरज रेल्वेवरचे स्थानक, शेजारी 1916 मध्ये सुरू झालेला, एके काळचा ओगले काच कारखाना आणि त्याचा घरोघर गेलेला प्रभाकर कंदील, चिपळूणचा रस्ता, पुणे-बंगळूर महामार्ग. प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. आगाशिवची लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. श्रावणी सोमवारी माथ्यावरच्या महादेवाला गर्दी लोटते, पण संघमित्राच्या लेखापर्यंत त्यातले फार थोडे वळतात.