दंड नाकारणारी कादंबरी : पॅट्रिशिया हायस्मिथ यांचे लेखन

रहस्यकथेच्या परंपरेत गुन्ह्याचा उलगडा आणि गुन्हेगाराचा दंड यांची सांगड दीर्घकाळ गृहीत धरली गेली. अमेरिकन कादंबरीकार पॅट्रिशिया हायस्मिथ (१९२१-१९९५) यांनी ती टप्प्याटप्प्याने मोडली. त्यांच्या लेखनाला 'मानसशास्त्रीय' हे विशेषण लावून थांबणाऱ्या समीक्षेच्या नजरेतून ही प्रक्रिया निसटते.

'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (१९५०) या पहिल्या कादंबरीत ब्रूनो हा सहप्रवासी वास्तुशिल्पी गायसमोर खुनांच्या अदलाबदलीची कल्पना मांडतो. ती झिडकारणारा गाय अखेर स्वतः खून करतो. निरपराध आणि अपराधी यांतील भिंत येथे ढासळते. मात्र शेवटी गाय स्वतःला स्वाधीन करतो, म्हणजे दंडाची चौकट अद्याप शाबूत आहे. १९५२ साली क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या 'द प्राइस ऑफ सॉल्ट' मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमाचा शेवट मृत्यूत वा पश्चात्तापात होत नाही. कॅरोलला त्यासाठी मुलीचा सहवास गमवावा लागतो. पण लेखिका तिला दोषी ठरवीत नाही. 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ले' (१९५५) मधील टॉम तर डिकीचा खून करून त्याचे नाव व संपत्ती बळकावतो आणि सहीसलामत सुटतो.

चित्रपटांनी केलेले बदल या संदर्भात बोलके ठरतात. हिचकॉक यांच्या १९५१ च्या चित्रपटात गाय खून करीतच नाही. रने क्लेमाँ यांच्या १९६० च्या फ्रेंच चित्रपटात टॉम पोलिसांच्या हाती पडणार हे स्पष्ट होते. कादंबरीने मोडलेली नैतिक व्यवस्था पडद्यावर पुन्हा उभी केली गेली.

कॅरोलला दंड नाकारणे न्याय्य वाटते, टॉमला नाकारणे अन्याय्य. तरीही तृतीयपुरुषी निवेदन टॉमच्या जाणिवेपुरतेच मर्यादित असल्याने त्याने निसटावे असे वाचकाला वाटू लागते, आणि ही इच्छाच त्याला अस्वस्थ करते. निवेदकाने टाळलेला निवाडा वाचकावर येऊन पडतो.

हायस्मिथ यांच्या दैनंदिनी व टिपणवह्यांतील निवड २०२१ साली प्रसिद्ध झाली. टॉमचे मूळ लेखिकेच्या गुप्त आयुष्यात शोधण्याचा मोह त्यामुळे बळावतो. चरित्राने लेखनाची प्रेरणा कदाचित उलगडेल. वाचक खुन्याच्या बाजूला कसा जातो, याचे उत्तर मात्र निवेदनाच्या घडणीतच शोधावे लागेल.