चुलीचा धूर आणि घराचा आराखडा

नवे घर आखताना दिवाणखान्याचा विचार आधी होतो. स्वयंपाकघराच्या वाट्यास उरलेला कोपरा येतो. 1956 पर्यंत बीदर-मैलूरचा मुलूख ज्या हैदराबाद राज्यात मोडत असे, तेथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेच्या एस. पी. राजू यांनी स्वयंपाकघरास अग्रस्थान दिले. 1953 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेत त्यांनी गृहिणीसाठी पाच मुक्ती मागितल्या: धूर, काजळी, उष्मा, नासाडी आणि आगीचे भय यांपासून. त्यांची चूल मातीचीच. परंतु एकाच जाळावर अनेक भांडी शिजत आणि धूर धुराड्यावाटे छपराबाहेर जाई. धुराडे साफ न राखल्यास मात्र तीही धुमसू लागे. म्हणून ओटा, फडताळ, मांडणी ही नंतरची; रांधणारीच्या श्वासाला वाट आहे की नाही, हे प्रथम पाहावे.