एका श्रीमंती मोटारीची वंशावळ

श्रीमंतांच्या मोटारींचा विषय निघाला, की सामान्य गृहस्थाच्या मनात सहजच प्रश्न उभा राहतो, की परक्याच्या ऐश्वर्याशी आपणांस काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. तथापि आज ज्या मोटारीची वंशावळ मी आपणांपुढे मांडणार आहे, तिच्याशी आपला संबंध वाटतो त्याहून पुष्कळ निकटचा आहे. ही मोटार म्हणजे जर्मनीतील मर्सिडीझ-बेन्झ कारखान्याची ‘एस-क्लास’ होय.

हे नाव अधिकृतपणे 1972 साली रूढ झाले. जर्मन भाषेत त्याचा अर्थ ‘विशेष वर्ग’ असा आहे. पण घराण्याचा मूळ पुरुष शोधू लागल्यास आणखी मागे जावे लागते. बेला बारेनी नावाचा ऑस्ट्रियात जन्मलेला एक अभियंता 1939 साली ह्या कारखान्यात रुजू झाला. गाडी जितकी टणक तितकी सुरक्षित, ही त्या काळची सर्वमान्य समजूत. बारेनीचे म्हणणे नेमके उलट होते. प्रवासी बसतात तेवढा मधला भाग अभेद्य असावा; मात्र पुढचा व मागचा भाग आघात होताच चेपला जावा, म्हणजे धक्क्याचा जोर पत्रा सोशील आणि माणूस वाचेल! 1951 साली त्याने ह्या कल्पनेच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि 1959 साली एस-क्लासच्या पूर्वज गाडीत ती प्रत्यक्षात उतरली.

1972 च्या पहिल्या पिढीला जन्मताच 1973 च्या तेलटंचाईला तोंड द्यावे लागले. तिची खरी कीर्ती झाली ती 1978 साली, बॉश कंपनीच्या साह्याने बसविलेल्या एबीएस ब्रेकमुळे. ओल्या रस्त्यावर ब्रेक जोराने दाबला, की चाके जाम होतात, गाडी घसरते आणि मग सुकाणूचे चक्र कितीही फिरविले तरी ती ऐकत नाही. नव्या यंत्रणेत चाक जाम होऊ लागताच ब्रेक क्षणमात्र सैल होतो व पुन्हा दाबला जातो. ही क्रिया एका सेकंदात अनेक वेळा घडते. अमेरिकेत असे प्रयत्न आधी झाले होते, हे खरे. परंतु पुढे जगभर पसरली ती ही विद्युत्-नियंत्रित पद्धत.

दुसरी पिढी 1979 ची. 1981 साली तिच्यात चालकापुढे एअरबॅग आली. टक्कर होताच डोळ्याचे पाते लवण्याच्या आत फुगून छाती व मस्तक सावरणारी ही पिशवी त्या वेळी जादा पैसे मोजणाऱ्यासच लाभत असे.

1991 ची तिसरी पिढी दुहेरी काचांची व अवजड होती. तिच्या आकारावर खुद्द जर्मनीत टीका झाली. पण घसरणारी गाडी एखाद्याच चाकाला ब्रेक लावून मार्गावर आणणारी ईएसपी नावाची योजना 1995 साली प्रथम अवतरली, ती ह्याच पिढीच्या दोन दारांच्या भावंडात.

आणि मग 1997 साल उजाडले. ऑगस्टच्या शेवटच्या रात्री पॅरिसच्या एका भुयारी मार्गात ह्याच पिढीच्या गाडीला अपघात होऊन राजकन्या डायाना व दोघे मृत्युमुखी पडली. चौघांपैकी कोणीही सीटबेल्ट बांधला नव्हता, असे चौकशीत निष्पन्न झाले. यंत्राने केवढेही औदार्य दाखविले तरी माणसाने हात पुढे केला पाहिजे, हाच त्याचा अर्थ.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ह्याच कारखान्याची सर्वांत लहान गाडी, ‘ए-क्लास’, स्वीडनमध्ये वृत्तपत्रकारांनी घेतलेल्या चाचणीत एकाएकी वळविताच उलटली. कारखान्याची अब्रू गेली. तेव्हा धनिकांसाठी राखलेली ईएसपी ह्या लहान गाडीत सरसकट बसविण्यात आली. 2014 पासून युरोपात प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची झाली.

पुढील पिढ्या 1998, 2005, 2013 व 2020 सालच्या. त्यांनी ऐषआराम वाढविला, तसेच पुढील गाडीपासून आपोआप अंतर राखणे, टकरीचा संभव दिसताच पट्टे आवळणे अशा युक्त्याही आणल्या. 2021 साली सातव्या पिढीची जुळणी पुण्याजवळ चाकण येथे सुरू झाली. म्हणजे ही दूरची पाहुणी आता आपल्या दाराशी येऊन पोहोचली आहे.

परंतु तिच्यातील विद्या आपल्या घरी केव्हा पोहोचली? एबीएस 1978 चे, चालकाची एअरबॅग 1981 ची. भारतात सर्व नव्या मोटारींना ह्या दोन्ही गोष्टी बंधनकारक झाल्या, त्या 2019 साली! श्रीमंताने पैसे मोजले म्हणून प्रयोग झाले, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण श्रीमंताघरचे शहाणपण गरिबाघरी आपोआप पाझरत नाही. कोठे नाचक्कीने, कोठे कायद्याने ते ओढून आणावे लागते. मधल्या चाळीस वर्षांत जी माणसे रस्त्यावर गेली, त्यांच्या आप्तांना ह्या विलंबाचे मोल विचारावे.