गोदामातून गेलेल्या मालाची जुनी हिस्ट्री कशी काढायची?

मोबाईलवर 'शिप्ड' असा मेसेज आला की आपण खूश होतो आणि पार्सल कुठपर्यंत आलं ते दर तासाला बघत बसतो. पण हा एक शब्द तुमच्या स्क्रीनवर येण्याआधी गोदामाच्या सिस्टीममध्ये बऱ्याच नोंदी झालेल्या असतात. या सिस्टीमला वेअरहाऊस मॅनेजमेंट सिस्टीम म्हणतात, थोडक्यात डब्ल्यूएमएस. मी गेली काही वर्षं अशाच सिस्टीमवर काम करतोय. सहा महिन्यांनी कुणी "हा बॉक्स खरंच गेला होता का?" असं विचारलं, तर उत्तर इथूनच काढावं लागतं.

आधी नोंदींचा क्रम समजून घ्या. ऑर्डर येते, तिच्यासाठी स्टॉक राखून ठेवला जातो, मग कुणीतरी स्कॅनर घेऊन रॅकमधून माल उचलतो. त्याला पिकिंग म्हणतात. पुढे पॅकिंग, लोडिंग आणि शेवटी शिप कन्फर्म. हे शेवटचं बटण दाबेपर्यंत गाडी गेटबाहेर गेली असली तरी सिस्टीमच्या दृष्टीने माल गोदामातच असतो! म्हणून हिस्ट्री काढताना ऑर्डरची तारीख लावू नका, शिप कन्फर्मची लावा. सॅपमध्ये यालाच गुड्स इश्यू म्हणतात. तिथे व्हीएल०६ओ या ट्रान्झॅक्शनमध्ये डिलिव्हरींची यादी मिळते आणि ठरलेली तारीख वेगळी, प्रत्यक्ष तारीख वेगळी अशी दोन फील्ड्स असतात. नवीन माणूस हमखास चुकीचं फील्ड निवडतो. मीही निवडलंय.

पण खरी गंमत वेळेची आहे. दोन वर्षांपूर्वी भिवंडीच्या एका गोदामातून फोन आला. एका व्यापाऱ्याचं म्हणणं, चाळीस बॉक्स मिळालेच नाहीत. गोदामात स्टॉक तेवढाच कमी. आणि एप्रिलच्या रिपोर्टमध्ये त्या मालाची नोंदच नाही. संशय थेट डिस्पॅचच्या काकांवर, पगारातून पैसे कापायची तयारीही झाली होती. काका एकच सांगत होते, "अरे, १ एप्रिलला पहाटे दोन वाजता मी स्वतः गाडी भरून दिलीय."

काका बरोबर होते. डेटाबेस वेळ यूटीसीमध्ये ठेवत होता, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. भारतातली १ एप्रिलची पहाट २:०० म्हणजे यूटीसीप्रमाणे ३१ मार्चची रात्र ८:३०. रिपोर्टला '१ एप्रिलपासून' असा फिल्टर लावला की ही गाडी बाहेर! आणि मार्चचा रिपोर्ट कुणी उघडलाच नव्हता, कारण काका १ एप्रिल म्हणत होते. मी फिल्टर साडेपाच तास मागे सरकवला आणि चाळीसच्या चाळीस ओळी समोर आल्या, गाडीच्या नंबरासकट. ई-वे बिलाच्या पार्ट बीमध्येही तोच गाडी नंबर होता. माल ट्रान्सपोर्टरच्या दुसऱ्या गोदामात उतरला होता. पगार कापला गेला नाही. काकांनी मला कटिंग पाजली, तीही दोनदा.

दुसरा घोळ आकड्यांचा होतो. एक ऑर्डर दोन गाड्यांतून जाऊ शकते आणि एका गाडीत दहा ऑर्डरी असू शकतात. ऑर्डरचं टेबल आणि शिपमेंटचं टेबल विचार न करता जोडलं की तीच ओळ दोनदा येते आणि शंभर नगांचे दोनशे होतात. म्हणून मी सगळ्यात खालच्या पातळीवरून सुरुवात करतो, म्हणजे बॉक्सच्या किंवा पॅलेटच्या लेबलवरून. त्यावर बऱ्याचदा एसएससीसी नावाचा १८ अंकी नंबर असतो. जीएस१ या संस्थेच्या नियमाप्रमाणे तो नंबर एक वर्ष परत वापरायचा नसतो, त्यानंतर मात्र चालतो. त्यामुळे जुना माल शोधताना नुसता नंबर टाकू नका, तारीखही द्या.

रिपोर्ट रिकामा आला म्हणजे डेटा उडाला असं समजून घाबरू नका. सिस्टीम हलकी राहावी म्हणून जुन्या नोंदी आर्काइव्ह टेबलमध्ये हलवतात आणि नेहमीची स्क्रीन तिकडे बघतच नाही. किती दिवसांनी हलवायच्या हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, ॲडमिनला विचारा.

आणि हो, सगळं सापडल्यावर सीएसव्ही फाईल थेट एक्सेलमध्ये उघडू नका. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच जपतं, पुढच्या जागी शून्यं टाकतं. एसएससीसीचे शेवटचे तीन अंक गेले की चाळीस बॉक्सना एकच नंबर दिसू शकतो. फाईल इम्पोर्ट करताना तो कॉलम 'टेक्स्ट' करून घ्या, मगच समोरच्याला पाठवा.